हरळीचं लॉन: रोज पाणी घालूनही पिवळं का पडतंय?

मृद्गंधा

सात महिन्यांपूर्वी घरामागच्या मोकळ्या जागेत हरळीच्या जातीचं लॉन लावलं. तयार चटया आणून अंथरल्या. जागा साधारण ४० चौरस मीटर. पहिले काही महिने दृष्ट लागावी असं होतं. संध्याकाळी कामावरून आले की पाईप हातात घ्यायचा आणि पंधरा मिनिटं पाणी मारायचं, हा माझा दिवसातला सगळ्यात आवडता वेळ.

ऊन वाढलं तसे पिवळे पट्टे दिसायला लागले. पाणी कमी पडतंय असं वाटून मी सकाळीही पंधरा मिनिटं सुरू केली. आता परिस्थिती अशी: वरच्या अर्ध्या भागात पिवळे पट्टे तसेच आहेत आणि उताराच्या बाजूला पाय ठेवला की पचपच आवाज येतो. तिथे लव्हाळा उगवलाय, दोनदा भूछत्रंही आली. एकाच लॉनचा एक भाग तहानलेला आणि दुसरा बुडालेला, हे कसं काय?

पाणी किती घालायचं, किती दिवसांनी, कोणत्या वेळी, आणि गवताला खरंच पाणी हवंय हे ओळखायचं कसं? ज्यांनी उन्हाळ्यात लॉन टिकवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

झारीवाला

रोज दोन वेळा, सकाळ-संध्याकाळ. गवत म्हणजे पाणी. माझं चार वर्षं असंच चाललंय आणि लॉन हिरवंगार आहे. तुमच्याकडे खत कमी पडत असेल, युरिया टाकून बघा.

सायली_बागेत

वाचतेय. माझंही अगदी असंच झालंय.

निवृत्त पाटकरी

मृद्गंधाताई, युरिया टाकायची घाई करू नका. आधी तीन गोष्टी सांगा. जमीन कोणती आहे? पाईपाखाली बादली ठेवली तर किती वेळात भरते? आणि पाणी घातल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी लांब पात्याचा स्क्रू-ड्रायव्हर जमिनीत खोचला तर किती खोल जातो? पिवळ्या भागात आणि पचपचीत भागात, दोन्हीकडे बघा.

आयुष्यभर पाटाच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळल्या. पाणी घातलं किती यापेक्षा ते गेलं कुठे, हे आधी बघायचं असतं.

मृद्गंधा

काका, लगेच करून बघितलं. जमीन काळी, चिकण. १५ लिटरची बादली बरोबर एका मिनिटात भरली. स्क्रू-ड्रायव्हर पिवळ्या भागात जेमतेम ३ सेंटिमीटर गेला, मग दगडावर आपटल्यासारखा थांबला. उताराला मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढला तर चिखल, वर आंबूस वास.

पिवळ्या भागात खाली इतकं कोरडं असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. वरून बघितलं तर माती ओली दिसते!

निवृत्त पाटकरी

आता आकडेमोड करू, म्हणजे घोळ कुठे आहे ते दिसेल.

एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. उष्ण हवामानातल्या गवताला वाढीच्या दिवसांत आठवड्याला पावसासकट साधारण २५ मिलिमीटर पाणी लागतं. कडक ऊन आणि कोरडा वारा असेल तर ते ३५-४० पर्यंत जातं. तुमच्या ४० चौरस मीटरला २५ मिलिमीटरच्या हिशोबाने आठवड्याला १००० लिटर झाले.

तुम्ही आधी काय देत होतात? मिनिटाला १५ लिटर, पंधरा मिनिटं, म्हणजे रोज २२५ लिटर. आठवड्याचे १५७५. म्हणजे दुपटीच्या आधीच तुमचं पाणी गरजेपेक्षा कमी नव्हतं. आता दोन वेळा देता तर ३१५० लिटर, जवळजवळ ७९ मिलिमीटर. आणि तरी वरचा अर्धा भाग उपाशी!

कारण असं. २२५ लिटर ४० चौरस मीटरवर पसरले की थर होतो साडेपाच मिलिमीटरचा. तेवढ्याने चिकण माती दोन-अडीच सेंटिमीटर भिजते. त्यातलं बरंच दुसऱ्या दिवशीच्या उन्हात उडून जातं. मुळांना वरच ओल मिळते, मग ती खाली कशाला जातील? आणि एक दिवस ऊन चढलं की तो वरचा थर तव्यासारखा तापतो, गवत कोलमडतं. शिवाय चिकण मातीत पाणी मुरायचा वेग तासाला १ ते ५ मिलिमीटरच असतो, वाळूत तो ३० च्या वर जातो. तुमच्या पाईपाचं पाणी त्याच्या कितीतरी पट वेगाने पडतं. न मुरलेलं वाहून उताराला गेलं. तोच तुमचा पचपचीत कोपरा.

तिथल्या मुळांना हवा मिळत नाही, म्हणून तिथलं गवतही पिवळं पडेल. दोन्ही पिवळ्यांची कारणं उलटी आहेत, आणि माणूस दोन्हीवर एकच औषध करतो: आणखी पाणी.

चिमूटभर माती

काका, हे वाचून उठले आणि माझ्या लॉनमध्ये स्क्रू-ड्रायव्हर खोचून आले. चार सेंटिमीटर. वाचनखूण साठवली आहे.

झारीवाला

आकडे ठीक आहेत, पण माझं काय? मी चार वर्षं रोज पाणी देतोय. मुळं वर आली असती तर लॉन कधीच मेलं असतं.

निवृत्त पाटकरी

झारीवाला, तुमची जमीन कोणती?

झारीवाला

वाळूचं प्रमाण खूप आहे. भराव टाकलेला आहे.

निवृत्त पाटकरी

मग तुमचं अर्धं बरोबर आहे, ते मान्य करतो. वाळूत पाणी भराभर खाली जातं पण साठून राहत नाही. २५ मिलिमीटर पाणी वाळूत ३० सेंटिमीटरपर्यंत पोचतं, पोयट्याच्या जमिनीत १५ ते २०, चिकण मातीत १० ते १२. वाळूत एकदम २५ घातलं तर बरंच मुळांच्या खाली निघून जातं. म्हणून वाळूत डोस लहान आणि पाळ्या जास्त: आठवड्यात दोनदा-तीनदा, प्रत्येकी ८ ते १२ मिलिमीटर. रोज दोन वेळांची गरज मात्र वाळूलाही नाही. एक दिवस सोडून बघा, गवत तक्रार करतं का ते.

आणि युरिया ताणात असलेल्या गवताला देऊ नये. पानं वाढतात, पाण्याची मागणी वाढते, मुळं तेवढीच राहतात.

बांधावरचा

मंडळी, हरळीला पाणी कसं घालायचं असं विचारणारा धागा आयुष्यात पहिल्यांदा बघतोय, म्हणून थांबलो :) आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ती मरावी म्हणून झटतोय. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, काशा उन्हात उघड्या पाडायच्या, वेचून बांधावर टाकायच्या. एवढं करूनही एखादी काशी ढेकळाखाली राहिली तर पहिल्या पावसात हिरवं पातं वर.

पण त्यातच ताईंच्या प्रश्नाचं उत्तर आहे बघा. हरळी पानांवर जगत नाही, काशांवर जगते. जमिनीखालच्या त्या पांढऱ्या, गाठीगाठींच्या खोडांत तिची सगळी शिदोरी असते. पाणी तुटलं की पानं वाळवते आणि खाली दम धरून बसते. वरून मेली वाटते, मेलेली नसते. शेतात नुसती वरवर ओल असली तर हरळी उथळ पसरते आणि हाताने ओढली तरी चटईसारखी निघते. खोल ओल असली की पाळं खाली गेलेलं असतं, कुदळीशिवाय निघत नाही. तुम्हाला लॉनमध्ये ती दुसरी हरळी पाहिजे.

सायली_बागेत

"काशा" हा शब्द मी आजीनंतर आज ऐकला. धन्यवाद बांधावरचा.

पर्णरंध्र

बांधावरचा यांनी सांगितलेल्याची पानांतली बाजू सांगतो, विषय माझ्या अभ्यासाचा आहे.

हरळी, झोयशिया, सेंट ऑगस्टीन, सेंटिपीड, बफेलो ग्रास, सीशोअर पास्पालम ही सगळी उष्ण ऋतूतली गवतं. ऊस, मका, ज्वारी, बाजरी यांच्यासारखाच त्यांचा अन्न बनवायचा मार्ग वेगळा असतो, त्याला सी-फोर म्हणतात. १९६६ मध्ये हॅच आणि स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात उसाच्या पानांवर काम करताना तो मांडला. पान आधी कार्बन डायऑक्साइड एका जागी गोळा करून दाट करतं, मग वापरतं. त्यामुळे पर्णरंध्रं फार उघडी ठेवावी लागत नाहीत आणि कमी पाणी उडतं. २७ ते ३५ अंश सेल्सिअस हे या गवतांचं आवडतं तापमान. थंड हवेतली गवतं जिथे कोमेजतात तिथे ही वाढतात.

पाण्याच्या हिशोबात हे असं येतं: त्या ठिकाणच्या हवेत गवताच्या मानक पृष्ठभागावरून दिवसाला जितकं पाणी उडतं, त्याच्या साधारण ०.६ पट पाणी उष्ण ऋतूतल्या लॉनला पुरतं. थंड ऋतूतल्या लॉनला ०.८ पट लागतं. गंमत म्हणजे जगभर पिकांच्या पाण्याचा हिशोब ज्या मानकावर होतो, तेही गवतच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये ठरवलेलं १२ सेंटिमीटर उंचीचं, पाण्याची कमतरता नसलेलं काल्पनिक गवत.

सांगायचं इतकंच, की या गवतांना आपण समजतो त्यापेक्षा ताण सोसायची सवय आहे. बफेलो ग्रास तर उत्तर अमेरिकेतल्या कोरड्या माळरानांवरचं, त्याला सगळ्यात कमी लागतं.

मापटं

मृद्गंधा, बादलीचा हिशोब सरासरी सांगतो. प्रत्यक्ष कुठे किती पडतं हे बघायला डब्यांची पद्धत वापर. सरळ कडांचे, एका मापाचे आठ-दहा डबे लॉनभर ठेवायचे, नेहमीसारखं पाणी द्यायचं, मग पट्टीने प्रत्येक डब्यातली खोली मोजायची.

मी स्प्रिंकलर लावून वीस मिनिटांनी मोजलं तेव्हा जवळच्या डब्यात ११ मिलिमीटर आणि भिंतीकडच्या कोपऱ्यात २. त्याच कोपऱ्यात गवत नेहमी मरायचं आणि मी कीड शोधत बसायचे! स्प्रिंकलरच्या जागा बदलल्या, एकाचा फवारा दुसऱ्यापर्यंत पोचेल असं केलं, आता सगळीकडे ५ ते ७ च्या मध्ये पडतं. म्हणजे १२ मिलिमीटरला साधारण चाळीस मिनिटं. एकदा मोजलं की पुढे घड्याळ लावून काम होतं. वारा असेल त्या दिवशी मात्र हा हिशोब धरू नको, फवारा भलतीकडे जातो.

हाताने पाईप धरून एकसारखं पाणी कुणालाच देता येत नाही. आपण उभे असतो तिथे जास्त पडतं आणि लांबचं राहून जातं.

मृद्गंधा

मापटं, अगदी हेच. मी नेहमी खालच्या पायरीवर उभी राहते. पिवळे पट्टे माझ्यापासून सगळ्यात लांब आहेत.

पहाटगस्त

वेळेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. पहाटे, सूर्य उगवायच्या आधी किंवा उगवता-उगवता. वारा पडलेला असतो, पाणी उडत नाही, नळाला दाब चांगला असतो. महत्त्वाचं कारण वेगळंच आहे: पानं तशीही रात्रभर दवाने ओली असतात. पहाटे पाणी दिलं तर ऊन आलं की वाळतात. संध्याकाळी दिलं तर ओलेपणाचे तास वाढतात आणि बुरशीला तेच हवं असतं. माझ्याकडे गोल तपकिरी चट्टे यायचे, कडेला पिवळसर नारिंगी पट्टा. संध्याकाळचं पाणी बंद केल्यावर पुढच्या मोसमात दोनच आले.

झारीवाला

आणि दुपारी पाणी घातलं तर थेंबांनी पानं भाजतात, बरोबर?

पर्णरंध्र

गवताच्या बाबतीत नाही. २०१० मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासून बघितलं. गुळगुळीत पानावरचा थेंब पसरून बसतो, सूर्यकिरण पानावर एका बिंदूत गोळा होत नाहीत. केसाळ पानांवर थेंब केसांवर अधांतरी राहतो, तिथे शक्यता असते. दुपारी टाळायचं ते भाजण्यासाठी नाही. वाफ आणि वाऱ्यात पाणी वाया जातं म्हणून. गवत दुपारी खरंच माना टाकत असेल तर संध्याकाळची वाट बघू नका, दुपारीही द्या.

कामावर_सात_वाजता

पहाटे उठून चाळीस मिनिटं स्प्रिंकलर सांभाळणं मला शक्य नाही. नळाला लावायचा टायमर वापरतो, पण लावून विसरू नका. मी एकदा दोन महिने सेटिंग बदललंच नव्हतं, पाऊस सुरू झाला तरी स्प्रिंकलर चालू. शेजाऱ्यांनी दार वाजवून सांगितलं. तेव्हापासून रविवारी डबा बघायचा आणि त्या आठवड्याचं सेटिंग करायचं हा नेम आहे.

दमयंती_पुन्हा

मला या सल्ल्याचा वाईट अनुभव आहे, तो सांगणं गरजेचं वाटतं. मागच्या उन्हाळ्यात "खोल आणि विरळ पाणी" वाचलं आणि रोजचं पाणी एकदम बंद करून आठवड्यातून एकदा सुरू केलं. पाचव्या दिवशी अख्खं लॉन राखाडी, दहाव्या दिवशी गवताच्या जागी काड्या. पुस्तकी सल्ला सगळ्यांना लागू होत नाही.

निवृत्त पाटकरी

दमयंतीताई, बरं झालं लिहिलंत, हे मी आधीच सांगायला हवं होतं. रोजच्या पाण्यावर वाढलेल्या गवताची मुळं तीन-चार सेंटिमीटरवरच असतात. त्याला एका दिवसात आठवड्याचा ताण दिला तर ते खाली पोचायच्या आतच वरची ओल संपते. सवय हळूहळू मोडायची असते. आधी एक दिवसाआड, पण दुप्पट पाणी. दहा-बारा दिवसांनी दोन दिवस सोडून. मग तीन. प्रत्येक टप्प्यावर स्क्रू-ड्रायव्हर खोचून ओल खाली गेली का ते बघायचं. आणि शक्यतो ऊन कडक व्हायच्या आधी हे करायचं.

तुमच्या काड्यांमधून पुढे काही आलं का?

दमयंती_पुन्हा

पाऊस झाल्यावर साधारण पाऊण भाग परत आला. मी मेलं समजून उखडायला निघाले होते.

बांधावरचा

काशा! :)

चिमूटभर माती

पण काका, पाळीचा दिवस कॅलेंडरवरून ठरवायचा का? हवा रोज बदलते.

निवृत्त पाटकरी

नाही. कॅलेंडर अंदाजापुरतं. दिवस ठरवतो वाफसा आणि गवत.

पाणी दिल्यावर जास्तीचं मुरून जातं, मातीत ओल आणि हवा दोन्ही राहतात, तो वाफसा. पाच-सात सेंटिमीटर खालची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि हाताला चिकटला नाही तर वाफसा आहे, थांबा. चिकटली तर अजून ओली आहे, नक्कीच थांबा. गोळाच होत नाही, भुगा होतो, तर पाळीची वेळ आली.

गवताच्या तीन खुणा आहेत. रंग: हिरव्याचा निळसर-राखाडी होतो, आधी उंचवट्यावर आणि भिंतीलगत. पान: मधल्या शिरेवर दुमडतं किंवा सुरळी होते. पाऊल: चालत गेल्यावर उठलेले ठसे अर्ध्या तासाने तसेच दिसतात, गवत परत उभं राहत नाही. लॉनच्या तिसऱ्या हिश्शात या खुणा दिसल्या की दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी. तोवर थांबायला मन घट्ट करावं लागतं, हे मला माहीत आहे. पण याच ताणात मुळं ओल शोधत खाली जातात.

शेरूची_आई

थोडं अवांतर. आमच्या लॉनवर थाळीएवढे पिवळे गोल आहेत आणि कडेला मात्र गडद हिरवं कडं. हे पाण्याचं की बुरशीचं?

पहाटगस्त

आयडी बघून विचारतो, शेरू तिथेच बसतो का?

शेरूची_आई

हो :) तिथेच.

पहाटगस्त

मग ते त्याचंच काम. मूत्रात नत्र आणि क्षार खूप असतात, मध्यभागी जळतं आणि कडेला पातळ झालेलं खत मिळून हिरवं होतं. तो बसून उठला की लगेच त्या जागी बादलीभर पाणी ओता. इथे एवढंच औषध.

खारं पाणी

क्षारांचा विषय निघालाच आहे तर. माझं बोअरचं पाणी खारट आहे. थोडं-थोडं पाणी दिलं की क्षार वरच साठतात, पानांची टोकं जळतात आणि ते तहानेसारखंच दिसतं. मी अधूनमधून एक पाळी मुद्दाम जास्त देतो, म्हणजे क्षार मुळांच्या खाली धुतले जातात. निचरा चांगला असेल तरच हे करा. हरळी बऱ्यापैकी सोसते, सीशोअर पास्पालम तर समुद्रकाठचंच गवत. सेंटिपीड मात्र अशा पाण्यावर टिकत नाही.

कोयता_नको_मोअर

पाण्यावर एवढी चर्चा आणि कापणीवर एक शब्द नाही? पान जितकं बुटकं, मुळं तितकी उथळ. उन्हाळ्यात पातं थोडं उंच ठेवा. घरच्या हरळीला साडेतीन ते पाच सेंटिमीटर ठीक, सेंट ऑगस्टीनला सहाच्या खाली आणू नका. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. उंच गवत आपल्याच मुळांवर सावली धरतं. आणि मोअरचं पातं धारदार ठेवा. बोथट पात्याने टोकं फाटतात, लॉन पांढुरकं दिसतं आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडलं.

दुसरं म्हणजे वाळक्या काड्यांचा थर. हरळी आणि झोयशिया दोन्ही बुंध्याशी गादी करतात. ती सव्वा सेंटिमीटरपेक्षा जाड झाली की पाणी तिच्यातच अडकतं, मातीपर्यंत जात नाही. मृद्गंधा, एक छोटा चौकोन कापून बघा.

ओंजळ

थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. ४० चौरस मीटरला आठवड्याला १००० लिटर. जिथे प्यायला पाणी मोजून येतं तिथे लॉन लावावंच का? मी माझं काढून टाकलं आणि झुडपं लावली.

मृद्गंधा

ओंजळ, राग कसला, मलाही हा प्रश्न छळतो. १००० चा आकडा वाचून नाही, आधीचे ३१५० वाचून. न कळता आठवड्याला दोन हजारांहून जास्त लिटर मी चिखलात घालत होते, ते मनाला लागलं.

निवृत्त पाटकरी

ओंजळ यांचं म्हणणं मोलाचं आहे. टंचाईच्या दिवसांत उष्ण ऋतूतलं गवत वाळू द्यावं, त्यात लाज नाही. दोन ते चार आठवड्यांतून एकदा १२ मिलिमीटर दिलं तरी काशा जिवंत राहतात. त्या काळात वर चालणं कमी करायचं, खत द्यायचं नाही. जमीन गार झाली, साधारण १० ते १३ अंशांच्या खाली, की ही गवतं थंडीनेही तशीच तपकिरी होऊन झोपतात. तेव्हाही लोक घाबरून पाणी ओततात, ते वाया जातं.

कुंडीतली_बाग

मी कालच नवीन चटया अंथरल्यात. हे वाचून पाणी आठवड्यातून दोनदाच देऊ का?

मापटं

नको नको! नवीन चटईला खाली मुळंच नाहीत. पहिले दहा-चौदा दिवस ती आणि तिच्याखालची माती सतत दमट हवी, दिवसातून दोनदा-तीनदा थोडं-थोडं. कोपरा उचलून बघ. ओढला तर चिकटून राहिला की मुळं धरली. मग पाटकरी काकांच्या टप्प्यांनी कमी करत जा.

सावलीत

आणि झाडाखाली? माझ्याकडे तिथे कायम विरळच येतं.

कोयता_नको_मोअर

सावलीत पाणी उडतं कमी, पण झाडाची मुळं ओल ओढून नेतात. स्क्रू-ड्रायव्हर खोचूनच ठरवा. हरळीला मात्र सावली आवडतच नाही, दिवसभर ऊन हवं. तिथे सेंट ऑगस्टीन किंवा झोयशिया बरं टिकतं.

मृद्गंधा

सव्वा महिन्याने परत आलेय. तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, म्हणून सविस्तर सांगते.

दोन स्प्रिंकलर घेतले, डबे ठेवून जागा ठरवल्या. एक दिवसाआडपासून सुरुवात केली, आता आठवड्यातून दोन पाळ्यांवर आलेय, प्रत्येकी ५०० लिटर. चिकण माती एकदम पीत नाही म्हणून एक पाळी तीन हप्त्यांत देते, मध्ये तासाभराची विश्रांती. पहाटे साडेचारचा टायमर. पहिल्या दोन आठवड्यांत लॉन आधीपेक्षा वाईट दिसायला लागलं आणि माझा हात सारखा पाईपाकडे जात होता. दमयंतीताईंची पोस्ट तीनदा वाचली आणि टप्पा न गाळता थांबले.

काल वरच्या भागात स्क्रू-ड्रायव्हर ११ सेंटिमीटर गेला. पिवळ्या पट्ट्यांत गाठीगाठींवर नवे फुटवे आलेत. उताराची बाजू वाळली, भूछत्रं गेली. लव्हाळा अजून आहे, हाताने उपटला तर खाली गाठी राहतात, त्या खणून काढतेय.

भिंतीजवळचा एक तुकडा मात्र काही केल्या सुधारेना. चौकोन कापून बघितला, तर काड्यांचा थर पातळच होता. दहा सेंटिमीटर खाली विटांचे तुकडे आणि सिमेंटचा पापुद्रा निघाला, बांधकामाचा राडारोडा तसाच पुरलेला. तेवढं खणून माती भरली आहे.

निवृत्त पाटकरी

वा! राडारोड्यावरचा तुकडा ओळखून वेगळा काढलात, अर्धं काम झालं. नव्या मातीवर चटईसारखंच दमट ठेवा, बाकी लॉनची पाळी त्याच्यासाठी मोडू नका.

झारीवाला

मीही एक दिवस सोडून सुरू केलंय. वीस दिवस झाले. काही बिघडलं नाही, कबूल करतो.

चिमूटभर माती

मृद्गंधा, आमच्याकडे काल रात्री सर आली. तुझ्याकडे? पाऊस पाळीत धरायचा ना?

मृद्गंधा

आली की! सकाळी पहिलं काम डबे बघायचं केलं. ९ मिलिमीटर, दहाही डब्यांत जवळजवळ सारखं, इतकं एकसारखं मला कधीच जमलं नव्हतं. मुठीत माती गोळा होतेय, चिकटत नाही. उद्या पहाटेचा टायमर बंद केलाय, परवा ठसे बघून ठरवेन.